बसऱ्याला गेलेली माणसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. गुरुजी सनावळ्या घोकून घेत. पण सन सांगून झाला म्हणजे आमची सुटका झाली, असे नसे. लगेच पुढचा प्रश्न येई, "त्या साली आपल्या गावात काय चाललं होतं? आपल्या गावातून कोण गेलं होतं?" आम्ही माना खाली घालून बसत असू. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

विषय आहे पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी हा अवघड शब्द नव्हता. ते सरळ म्हणत, "जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला." बसरा हे नाव आपल्या घरांत आधीपासून होते, ते मोत्यांमुळे. नथीत बसऱ्याचे मोती असणे म्हणजे घराण्याची ऐपत. १९१४ नंतर त्याच नावाला दुसरा अर्थ आला.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका घरी गेलो होतो. घरच्यांची इच्छा नाही म्हणून आडनाव सांगत नाही. बोलणे संपत आले तेव्हा त्या घरच्या आजी उठल्या आणि मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेल्या. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, बाळकृष्ण, आणि त्यांच्या रांगेत काशाची एक गोल, जड ताटली. पाच इंचांना थोडी कमी. आजींनी ती पदराने पुसून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "हा आमच्या थोरल्या आजेसासऱ्यांचा टाक. बसऱ्याला गेले ते गेले." त्या ताटलीवर ब्रिटानिया हातात पानांची माळ धरून उभी होती, पायाशी सिंह होता, दोन डॉल्फिन मासे होते. कडेने इंग्रजी अक्षरे होती : हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. एका चौकटीत नुसते नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. अक्षरांच्या खाचांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हळदकुंकू बसले होते. ब्रिटिश सरकारने युद्धानंतर तेरा लाखांहून अधिक कुटुंबांना अशा ताटल्या पाठवल्या. ज्या घरात ती आली त्या घरात ती वाचणारे कोणी नव्हते. मग त्यांनी तिचा पूर्वजांचा टाक केला आणि रोज पूजा केली. यापेक्षा योग्य त्यांनी काय करायला हवे होते?

या टाकाकडे मी शेवटी परत येईन. आधी पहिला प्रश्न : ही माणसे तिथे गेली कशाला?

१९१४ च्या ऑक्टोबरात, तुर्कस्तान युद्धात उतरण्याच्याही आधी, मुंबई बंदरातून एक ब्रिगेड इराणच्या आखाताकडे निघाली. ती सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनची होती. होय, आपले पुणे. या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन. ६ नोव्हेंबरला हे सैन्य शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरले, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हातात आले. हेतू मर्यादित होता. अबादानला तेलाचा कारखाना होता, त्यात ब्रिटिश सरकारने युद्धाच्या तोंडावर मोठा हिस्सा घेतला होता, आणि ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते. तेल राखायचे, आखात राखायचे, अरब शेखांना आपल्या बाजूला ठेवायचे. एवढेच.

एवढ्यावर थांबले असते तर आज हे व्याख्यान झाले नसते. पण बसरा राखायचे म्हणून कुर्ना घेतले. कुर्ना राखायचे म्हणून अमारा घेतले. दुसऱ्या अंगाने नासिरिया घेतले. अमारा राखायचे म्हणून कूत घेतले. प्रत्येक ठाणे मागच्या ठाण्याच्या रक्षणासाठी, आणि प्रत्येक विजय स्वस्तात मिळालेला. ३ जून १९१५ ला अमारा घेतले तेव्हा या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्याबरोबर मूठभर माणसे होती, आणि त्यांच्यापुढे तुर्कांनी शस्त्रे टाकली. असा विजय सेनापतीला मिळाला की त्याच्या वरिष्ठांना पुढचे शहर दिसू लागते. पुढचे शहर बगदाद होते. गॅलिपोलीत नामुष्की चालली होती, लंडनला कुठून तरी चांगली बातमी हवी होती. वरिष्ठ सेनापती निक्सन बगदादसाठी उतावीळ होता, सिमल्याचे हिंदुस्थान सरकार राजी होते, आणि १९१५ च्या ऑक्टोबरात लंडननेही होकार दिला. टाउनशेंडने आपल्या शंका लिहून कळवल्या होत्या. त्या बाजूला पडल्या.

आता दुसरा मुद्दा. तो नीट ध्यानात घ्या, कारण सगळ्या मोहिमेची किल्ली त्यात आहे. आपण वाळवंटातली लढाई म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वाळू येते, उंट येतात, मृगजळ येते. ऊन तिथे होतेच. उन्हाळ्यात तंबूत माणसे उष्माघाताने मरत. पण या वाळवंटाने शिपायांना अधिक छळले ते पाण्याने आणि चिखलाने. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना तेव्हा वसंतात महापूर येई, कारण उत्तरेच्या डोंगरांतले बर्फ वितळे. सपाट मुलूख मैलोगणती पाण्याखाली जाई. पाऊस पडला की ती माती अशी चिकट होते की बूट पायातून निघून येतो, तोफेचे चाक रुतून बसते. मे १९१५ च्या अखेरीस कुर्नाच्या पुढे जी चढाई झाली, ती सतराव्या ब्रिगेडच्या शिपायांनी बेलम नावाच्या लांबट, उथळ होड्यांतून केली. वेताच्या आणि बोरूच्या दाटीतून बांबूने होडी ढकलत शत्रूच्या खंदकावर जायचे! या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा होती, जिला पुढे जंगी पलटण म्हणून ओळखले गेले. त्यातले कोकणातले जवान खाडीचे पाणी पाहिलेले असतील. पण देशावरच्या, माणदेशातल्या दुष्काळी गावातून आलेल्या पोराने त्या बेलममध्ये पाय ठेवताना काय केले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

अशा मुलखात रस्ता नाही, रेल्वे नाही. बसऱ्याला मोठी जहाजे लागतील असा धक्कासुद्धा नव्हता. माल जहाजातून पडावात, पडावातून काठावर, काठावरून नदीच्या आगबोटीत. बसऱ्यापासून बगदादपर्यंत नदीच्या वळणांनी जवळजवळ पाचशे मैल. मग हिशेब सोपा आहे. सैन्य किती पुढे न्यायचे हे तलवार ठरवत नाही, आगबोटी ठरवतात. रोज किती पोती पीठ वर चढते आणि किती जखमी खाली उतरतात, त्यावर सैन्य जगते. आगबोटी किती होत्या? गरजेच्या मानाने अगदी थोड्या. हिंदुस्थान सरकारने युद्धापूर्वी लष्करी खर्चात काटकसर चालवली होती, आणि युद्ध सुरू झाल्यावरही ती सवय सुटली नाही. सैन्य पुढे जात राहिले, दोरी लांबत राहिली, बोटी होत्या तेवढ्याच राहिल्या.

२२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनला लढाई झाली. प्राचीन इराणी सम्राटांच्या राजवाड्याची ती प्रचंड विटांची कमान, ताक-ए-किस्रा, आजही तिथे उभी आहे. बगदाद तिथून वीस-पंचवीस मैल. टाउनशेंडच्या सैन्याने पहिली फळी घेतली, पण चार दिवसांत त्याची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. बगदाद राहिले, माघार सुरू झाली.

आणि जखमी? त्यांना नदीपर्यंत आणायला होत्या खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्या. मांडीचे हाड मोडलेला माणूस अशा गाडीत लोखंडी पट्ट्यांवर पडून खड्ड्याखड्ड्यांतून मैलोगणती येतो, एवढेच नुसते डोळ्यांपुढे आणा. नदीवर आल्यावर त्यांना आगबोटींत आणि शेजारी बांधलेल्या तराफ्यांवर भरले. मेजिदिए नावाची बोट सुमारे सहाशे जखमी घेऊन बसऱ्याला पोहोचली, तेव्हा बंदरात इस्पितळाच्या जहाजावर मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर उभा होता. बोट लांबून येताना त्याला वाटले, कडेने दोरखंड लोंबत आहेत. बोट जवळ आल्यावर कळले, ती वाळलेली विष्ठा होती. हगवण लागलेली, हलता न येणारी माणसे दिवसरात्र उघड्या डेकवर पडून होती आणि त्यांची घाण कडांवरून ओघळून सुकली होती. अंगाखाली गादी नाही, एखादी कांबळ असली तर असली. जखमांत किडे पडले होते. वरून पाठवलेल्या तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे म्हटले होते. कार्टरने पाहिले ते लिहून दिले. त्यावर त्याच्या वरिष्ठांनी त्याला बोलावून दरडावले, अटकेची धमकी दिली. पुढे चौकशी आयोग बसला तेव्हा त्याच कागदाने सगळ्या साम्राज्याला खाली मान घालायला लावली. मला या मोहिमेतल्या सेनापतींपेक्षा हा डॉक्टर मोठा वाटतो. तो जे दिसले ते मोजत आणि लिहीत होता, आणि बाकीचे सगळे न मोजता तारा पाठवत होते.

आता कूतकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे आपली माणसे आहेत.

कूत-अल-अमारा हे टायग्रिसच्या एका वळणात वसलेले गाव. तीन बाजूंना नदी, एका बाजूला जमीन. ३ डिसेंबर १९१५ ला थकलेली पुणे डिव्हिजन तिथे येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. आत कोण होते? इंग्रजांच्या पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते, गुरखे होते. आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या. खोगीर करणारे, पाणके, भिस्ती, स्वयंपाकी, गाडीवान असे तीन हजारांहून अधिक बिनशस्त्र कामगार होते. आणि एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. त्या गावात पाच-सहा हजार अरब राहत होते. त्यांना युद्ध कोणी विचारले नव्हते, पण तोफेचा गोळा त्यांच्याही घरावर पडत होता आणि भूक त्यांनाही लागत होती.

टाउनशेंडने कळवले की गोऱ्यांसाठी महिन्याभराचे आणि हिंदी शिपायांसाठी दोन महिन्यांचे अन्न आहे. ही तार आल्यावर सुटकेसाठी निघालेल्या जनरल एल्मरला घाई करणे भाग होते. जानेवारीत अपुऱ्या तोफा, अपुऱ्या बोटी, अपुरे डॉक्टर घेऊन तो शेख सादला लढला, वादीला लढला, हन्नाला लढला. २१ जानेवारीला हन्नाच्या खंदकांपुढे पावसात, गोठवणाऱ्या चिखलात जखमी रात्रभर पडून राहिले. आणि त्यानंतर, जानेवारीच्या अखेरीस, कूतमध्ये घरोघर झडती घेतली तेव्हा शेकडो टन सातू निघाला! अन्न दोन महिने नव्हते, जवळजवळ पाच महिने पुरणार होते. श्रोतेहो, हे कोठार डिसेंबरातच मोजले असते तर? तर एल्मरला महिनाभर थांबता आले असते, कुमक गोळा करता आली असती. एका न केलेल्या मोजणीने हजारो माणसे चिखलात गेली. माझ्या मते कूतचा पराभव तुर्कांच्या खंदकांत कमी झाला आणि या न मोजलेल्या पोत्यांत जास्त झाला.

सातू निघाला, पण दळणार कसा? जाती हवीत. विमानांतून जात्याचे दगड कूतमध्ये टाकले गेले. युद्धाच्या इतिहासात याच वेढ्यात प्रथम विमानांनी वेढलेल्या सैन्याला अन्न टाकले. एप्रिलमध्ये दोन आठवडे हे चालले, एकूण आठ टनांच्या आसपास माल पडला, त्यातला काही नदीत, काही तुर्कांच्या हद्दीत. आठ टन म्हणजे किती? तेरा हजार माणसांना रोज पाच औंस धरले तरी जेमतेम चार दिवसांचे. पाच औंस म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही आत. एका भाकरीचे पीठ! शेवटच्या दिवसांत शिपायाला मिळत होते ते एवढेच.

इथे आपल्याकडच्या डॉक्टरांनी, आहारशास्त्र शिकणाऱ्यांनी लक्ष द्यावे असे काही घडले. वेढ्याच्या सुरुवातीला गोऱ्या शिपायांना पांढरा पाव आणि मांस मिळे. त्यांना बेरीबेरी होऊ लागली. पांढरा आटा संपला आणि त्यांनाही सातूचा भरडा खावा लागला, तेव्हा बेरीबेरी थांबली. हिंदी शिपाई पहिल्यापासून कोंड्यासह पीठ खात होता, त्याला बेरीबेरी झाली नाही. पण भाजी नव्हती, आणि तो घोड्याचे मांस खात नव्हता. त्याला स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजल्या, रक्त वाहू लागले, पाय काळेनिळे पडले. एकाच वेढ्यात, एकाच गावात, दोन ताटांना दोन रोग. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नुकते बाळसे धरत होते, आणि कूतच्या या अनुभवाने त्यात मोलाची भर घातली. शास्त्राला जे मिळाले त्याची किंमत कोणी दिली, हेही नोंदवले पाहिजे.

घोड्याच्या मांसाबद्दल टाउनशेंडने पुढे हिंदी शिपायांना दोष दिला. हिंदुस्थानातून बिनतारी यंत्राने धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, ती आली, तरी शिपाई महिनोन्‌महिने खाईनात. हा हट्ट होता का? मला तसे म्हणवत नाही. ज्या पोराने अठराव्या वर्षी गाव सोडले, त्याला परत गावातच जायचे होते. गावात गेल्यावर पंगतीत पान कोण मांडेल, मुलीला स्थळ कोण देईल, हे त्याला ठाऊक होते. परवानगीची तार आली ती कुणा मोठ्या माणसाची. गावच्या पारावर ती तार कोण वाचणार होते? तो शेतातले, नदीकाठचे रानगवत खुडून आणी आणि शिजवून खाई. त्यात काही विषारी निघाले आणि माणसे दगावली. शेवटी एप्रिलच्या मध्यास, उभे राहवेना तेव्हा, बहुतेकांनी मांस खाल्ले. तोपर्यंत उशीर झाला होता. माझी श्रोत्यांना विनंती आहे की या गोष्टीकडे आजच्या सोयीतून पाहू नका.

बाहेरून सुटकेचे प्रयत्न चालूच होते. मार्चमध्ये दुजैला, एप्रिलमध्ये हन्ना आणि सन्नाय्यात. आतल्या तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेर तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. २४ एप्रिलच्या रात्री जुल्नार नावाची बोट अन्न भरून वेढ्यातून घुसायला निघाली, ती अडकली आणि तुर्कांच्या हाती पडली. मग तुर्कांना पैसे देऊन सैन्य सोडवण्याचा प्रयत्न झाला. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. बोलणी करायला गेलेल्यांत पुढे अरबस्तानामुळे जगभर गाजलेला लॉरेन्सही होता. तुर्कांनी नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला, एकशे सत्तेचाळीस दिवसांनी, कूतने शरणागती दिली. तेरा हजारांवर माणसे कैद झाली. त्यांत हिंदी शिपाई जवळजवळ सात हजार. इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी गावातल्या काही अरबांना फाशी दिले.

टाउनशेंडला बोटीने, मोटारीने, रेल्वेने इस्तंबूलला नेले. मार्मरा समुद्रातल्या बेटावर त्याला बंगला मिळाला, आणि कैदेत असतानाच त्याच्या राजाने त्याला सर केले. शिपायांना चालवले. आधीच उपाशी, हगवणीने खंगलेली माणसे. कूतहून बगदाद, पुढे समारापर्यंत आगगाडी, आणि तिथून उन्हाळ्याच्या ऐन भरात तिक्रित, मोसुल, निसिबीन असे शेकडो मैल रखरखीत रानातून पायी. बूट पाण्याच्या घोटासाठी विकले जात. पडेल तो मागे राही. जे पोहोचले त्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. गोऱ्या शिपायांतले सत्तर टक्के कैदेत मेले. हिंदी शिपायांतले किती? मेलेले आणि कधीच पत्ता न लागलेले मिळून अडीच ते तीन हजारांच्या घरात. 'पत्ता न लागलेले' हा शब्द मी मुद्दाम वेगळा उच्चारतो. गोऱ्यांचे मरण मोजले गेले. आपल्यातले कितीतरी नुसते यादीतून गळाले.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगतो. लंडनने मोहीम सिमल्याच्या हातून काढून घेतली. बसऱ्याला धक्के बांधले, रेल्वे टाकली, बोटी आणल्या, इस्पितळे उभारली. मुंबईत बांधून तयार असलेली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची इमारतसुद्धा युद्धाच्या काळात लष्करी इस्पितळ झाली. आज तिथे मुले सहलीला जातात, आणि त्या घुमटाखाली कधीकाळी जखमी पडले होते हे त्यांना कोणी सांगत नाही. नवा सेनापती जनरल मॉड याने सगळे मोजूनमापून केले. २३ फेब्रुवारी १९१७ ला शुमरानच्या वळणावर टायग्रिस ओलांडली, ११ मार्चला बगदाद घेतले. मॉड पुढे नोव्हेंबरात तिथेच पटकीने गेला. १९१८ च्या ऑक्टोबरात शरकातला शेवटची मोठी लढाई झाली, त्यात ११४ व्या मराठा पलटणीने शौर्याची पदके एवढी मिळवली की तो दिवस रेजिमेंटच्या इतिहासात कायमचा कोरला गेला.

पण एका धाग्याकडे लक्ष वेधतो. त्या चौकशी आयोगाचा, म्हणजे मेसोपोटेमिया आयोगाचा, अहवाल १९१७ च्या जूनमध्ये आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले मॉंटेग्यू, ज्यांनी याच प्रश्नावर पार्लमेंटात हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर घणाघाती टीका केली होती. आणि २० ऑगस्ट १९१७ ला मॉंटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. आपण ती घोषणा शाळेत होमरूल, लखनौ करार यांच्या धड्यात शिकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या खुर्चीत मॉंटेग्यू बसले ते मेजिदिए बोटीच्या कडेवर सुकलेल्या त्या घाणीमुळे. कूतमध्ये गवत खाल्लेल्या शिपायाचे आपल्या स्वराज्याच्या वाटेवर एवढे देणे आहे. ते कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

आता त्या टाकाकडे परत येतो.

मेसोपोटेमियात जे मेले आणि ज्यांना थडगे नाही, चिता नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला एक स्मारक आहे. १९२९ साली त्याचे अनावरण झाले. चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते उभारले गेले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर, उजाड रानात नेऊन मांडले. त्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. आणि हिंदी शिपायांच्या बाबतीत? पलटणीचे नाव, आणि पुढे आकडा. इतके शिपाई. नावे छापील नोंदवहीत गेली, दगडावर आली नाहीत. २०२१ मध्ये युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने ही वागणूक भेदाची होती हे मान्य केले आणि माफी मागितली.

म्हणून मला त्या ताटलीचे एवढे महत्त्व वाटते. जे नाव बसऱ्याच्या दगडावर नाही, ते सातारा जिल्ह्यातल्या एका देव्हाऱ्यात आहे. न वाचता आलेल्या अक्षरांत ते शंभर वर्षे हळदकुंकवाखाली टिकले.

बंगालीत या मोहिमेचे दोन मोलाचे लेखी साक्षीदार आहेत. कूतमध्ये वेढ्यात सापडलेले आणि कैदेत मेलेले डॉक्टर कल्याण मुखर्जी, ज्यांची पत्रे त्यांच्या आजीने पुस्तकात जपली, आणि बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी, ज्यांनी कैदेत टिपणे ठेवली आणि पुढे त्यांचे पुस्तक केले. ती शिकलेली माणसे होती. आपल्या तीन पलटणींतल्या शेतकऱ्याच्या पोराला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याचे पुस्तक झाले नाही. पण त्याचा मागमूस नाही असे नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण दगडावर आहे. रत्नागिरी, रायगड, सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे, कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असा एक संगमरवरी तुकडा असतो : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. तिथेही बहुतेक ठिकाणी आकडाच असतो. पंजाबातल्या तीन लाखांहून अधिक शिपायांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि त्या लोकांपुढे आल्या. आज परदेशात राहणारा पंजाबी तरुण आपल्या गावाचे नाव टाकून आपल्या पणजोबाला शोधतो. आपला तरुण कुठे शोधेल?

मंडळी, आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या मूळ गावाला फोन लावा. घरात, चुलत घरात, आजोळी विचारा : आपल्यातले कोणी बसऱ्याला गेले होते का? शाळेच्या, चावडीच्या भिंतीत दगड आहे का? ट्रंकेत मेडल, पेन्शनचा कागद, काशाची ताटली आहे का? असेल तर त्याचा फोटो काढा, त्यावरचे नाव जसे आहे तसे उतरवून घ्या, गावाचे नाव लिहा, आणि ते या व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. कार्यकर्त्यांनी त्यासाठी एक कोरी वही उघडली आहे. पहिल्या पानावर त्या आजींच्या टाकावरचे नाव मी आज सकाळी, त्यांच्या परवानगीने, लिहून आलो आहे. पुढची पाने रिकामी आहेत.